फ्रिजचा पंखा मी दुरुस्त केला नव्हता

गेल्या उन्हाळ्यात आमच्या फ्रिजमधलं दूध नासायला लागलं. वर फ्रीजरमध्ये बर्फ होत होता, पण खालच्या कप्प्यात थंडी उतरतच नव्हती. तिसऱ्यांदा दूध फाटलं तेव्हा आई म्हणाली, "आता मेकॅनिकला बोलवा."

"घरात इंजिनेर असताना?" पप्पा म्हणाले.

पप्पा वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला आहेत. पिशोर गावाहून इकडं आले तेव्हा सातवी शिकलेले होते. आमच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मी इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि त्यांच्या लेखी विजेवर चालणारी कुठलीही वस्तू मला यायलाच हवी होती. दोन आठवड्यांपूर्वी माझा निकाल लागला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. मी दोन विषयांत नापास झाले होते. त्यातला एक मोटरचाच. घरी मी सांगितलं होतं, निकाल अजून लागायचाय.

रविवारी मी फ्रीजर रिकामा केला, प्लग काढला आणि आतलं मागचं झाकण खोललं. तिथं एक छोटा पंखा असतो, तो वरची थंड हवा खाली ढकलतो, एवढं मोबाईलवर बघून ठेवलं होतं. पप्पा शेजारी टॉर्च धरून उभे होते. मी प्लग पुन्हा लावला. पंखा हलला नाही.

"मोटर जळाली," मी म्हणाले.

"बघ," पप्पा आईला म्हणाले, "पाच मिन्टात सांगितलं पोरीनं."

दुसऱ्या दिवशी ते नवी मोटर घेऊन आले. तिच्या वायरी जुळेनात म्हणून मी जुन्या कापल्या आणि टेप गुंडाळून जोडल्या. पंखा तरी फिरेना. मी म्हणाले, उद्या बघते. पण पुढचे दोन दिवस मी अंधार पडेपर्यंत लायब्ररीतच बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी तास झाले नाहीत म्हणून दुपारीच घरी आले. जिन्यातच आतला आवाज ऐकू आला. मेकॅनिक होता.

"चच्चा, मोटर तो पुरानीच अच्छी थी. दरवाजा खुला रहा तो पंखा फिरताच नहीं. दरवाजे का ये बटन दबना पडता. बटनच खराब था. और ये वायर किसने काटे?"

"मीच," पप्पा म्हणाले.

"समजत नाय तर हात कायको लगाना? करंट बसला असता म्हणजे?"

"चुकलं भाऊ." पप्पा हसले. "पोरीला इचारायला पायजे होतं. इंजिनेर हाय ती."

मी तशीच खाली उतरले. रोजच्या वेळेपर्यंत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बसून राहिले. घरी गेले तर फ्रिज गार होता.

"माय, चालली बघ तुझी मोटर," पप्पा म्हणाले. "जरा टाइम घेतला तिनं."

मी "हो का" म्हणाले. आठवडाभरानं त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून माझ्यासाठी स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणला. निळ्या डबीत, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेला. सोबत एक टेस्टरही होता.

मग एका संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. कूलरला हात लावला की मुंग्या येतात म्हणाल्या. "तुमच्या पोरीनं फ्रिज केला म्हणं. आमचा कूलर बी बघती का?"

"बघंल की! त्यात काय लई?" पप्पा म्हणाले. "माय, ती डबी घे."

काकूंचा नातू रांगता आहे. कूलरला धरूनच उभा राहतो. माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच आलं. त्या गेल्यावर पप्पांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं, हे आता कळतं. तेव्हा मी सगळ्यांसमोरच बोलून गेले, "मला येत नाही, पप्पा. मी मोटरमध्ये नापास झालेय. फ्रिज मेकॅनिकनं केला. मी जिन्यातून ऐकलं."

काकू पप्पांकडं बघायला लागल्या. पप्पांचा हात डबीवरच होता. "व्हय," ते म्हणाले. मग काकूंना म्हणाले, "बटन बंद ठेवा तेवढं. पोराला जवळ जाऊ देऊ नका. मी माणूस पाठवतो." आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

ते रागावले नाहीत. निकालाचं का लपवलं, तेही विचारलं नाही. हिवाळ्यात मी दोन्ही विषय सोडवले. सांगितलं तेव्हा "बरं झालं" म्हणाले. पण त्या संध्याकाळनंतर त्यांच्या तोंडून इंजिनेर हा शब्द मी ऐकलेला नाही.

मागच्या महिन्यात आमचा मिक्सर अडखळायला लागला. आत ठिणग्या उडायच्या, जळका वास यायचा. मी खोलीतच पुस्तक घेऊन बसले होते. पप्पांनी मिक्सर पिशवीत घातला.

"मी बघू का?" मी विचारलं.

"राहू दे, माय," ते मायेनं म्हणाले. "तू अभ्यास कर." आणि चपला घालून दुकानाकडं निघाले.

मिक्सरच्या मोटरमधला कार्बनचा तुकडा झिजला होता. या वेळी मला खरंच कळलं होतं.