पहिल्या गोळीची खात्री

पोलिसात मी नेमबाज होतो, म्हणजे गर्दीच्या, दंगलीच्या किंवा ओलिसांच्या प्रसंगी लांब कुठेतरी पालथा पडून दुर्बिणीतून बघत राहणारा माणूस. नंदुरबार जिल्ह्यात अशी वेळ क्वचितच येते. माझ्या नोकरीत ती खऱ्या अर्थाने एकदाच आली.

म्हसावदच्या पुढच्या एका गावात एक माणूस आपल्या लहान मुलीला घेऊन घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढला होता. हातात विळा. बायको माहेरी गेली होती, परत यायला तयार नव्हती, आणि ती समोर आली नाही तर मुलीला मारीन, असं तो सकाळपासून ओरडत होता. मला समोरच्या घराच्या माडीवर नेलं. पोत्यावर रायफल टेकवली आणि तो दुर्बिणीत आला. मान, दाढीचे खुंट, गळ्यावरची एक जुनी भाजल्याची खूण. मुलगी त्याच्या खांद्याला चिकटलेली.

साहेब शेजारी वाकून बसले. "जमेल?"

"साहेब, या रायफलीच्या पहिल्या गोळीची खात्री नाही."

ते खरंच होतं. रायफल जुनी, दस्ता लाकडी, पावसाळ्यात फुगायचा. तापल्यावर गोळ्या एका जागी पडत, पण थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कधी चार बोटं डावीकडे जाई, कधी जात नसे. डावीकडे मुलीचं डोकं होतं.

"मग थांब," साहेब म्हणाले.

मी थांबलो. बोट चापाबाहेर, डोळा त्याच्या गळ्यावर. ऊन चढत गेलं. शेवटी त्याची आई, कोणाचं न ऐकता, धाब्याच्या शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"पोरले खाले दे रे भाऊ. तिले भूक लागनी व्हई. तू बी सकायपाईन काही खादं नही."

त्याने वाकून आईकडे पाहिलं. मग विळा धाब्यावर ठेवला आणि मुलीला शिडीवरून खाली आजीच्या हातात दिलं. लोक धावले. माडीवर मी एकटाच राहिलो आणि न झाडलेली गोळी रायफलीतून बाहेर काढली.

काही वर्षांनी शहाद्याच्या स्टँडवर तो मला भेटला. मी साध्या कपड्यांत होतो. गळ्यावरच्या खुणेवरून ओळखलं. बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी होती, तिचं दप्तर त्याच्या खांद्यावर.

"भाऊ, नंदुरबारनी गाडी गई का?"

"नही, येवानी शे अजून," मी म्हणालो.

तो बाकावर माझ्या शेजारी बसला. मुलीने पिशवीतून बोरं काढली, बापाला दिली, मलाही दिली. ती बोरं माझ्या हातात तशीच राहिली. त्या दिवशी माझ्याकडे चांगली रायफल असती, तर मी साहेबांना हो म्हणालो असतो. मला त्यात जराही शंका नाही.

आणि गेल्या वर्षी नवी रायफल निवडायला मलाच बोलावलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या चांदमारीवर, गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, दोन रायफली आणल्या होत्या. एक हलकी, हातात घेताच आवडावी अशी. दुसरी जड, नळी जाडजूड. दोन्हींचे पाच-पाच गोळ्यांचे पुंजके सुंदर पडले. अधिकाऱ्यांना हलकी पसंत पडली.

"साहेब, नळ्या थंड होऊ द्या," मी म्हणालो. "आपल्याला दुसरी गोळी मिळत नसते."

मग सकाळच्या गारव्यात, दुपारच्या रखरखीत उन्हात, दर वेळी नळी थंड करून, एकेक गोळी. हलकीची पहिली गोळी दर वेळी थोडी वर सरकायची. जडच्या सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या. तो कागद हातात धरून मी उभा होतो. हलकी घ्या म्हणालो असतो तर कोणी अडवलं नसतं, आणि पुढचा नेमबाजही माझ्यासारखा थांबला असता. पण पुढच्या धाब्यावर आई शिडीखाली येईलच असं नाही, आणि आली तरी तो ऐकेलच असं नाही. तेव्हा ती मुलगी कोणाच्या भरवशावर?

"जड घ्या," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. ही चुकणार नाही."

बोलताना माझा आवाज मलाच परका वाटला.

त्या जड रायफली आता आल्यात. नव्या नेमबाजांना शिकवायला मी जातो. दुर्बीण इतकी स्वच्छ की लांबच्या माणसाच्या पापण्या हलताना दिसतात. वाटेत गावं लागतात. कोणी धाब्यावर मिरच्या वाळत घालत असतं, कोणी पोराला कडेवर घेऊन रस्त्याकडे बघत उभं असतं. गाडीच्या खिडकीतून त्यांच्याकडे पाहताना माझा डावा डोळा, नेम धरताना मिटतो तसा, आपोआप मिटतो. मी तो जोर लावून उघडतो आणि गाव मागे पडेपर्यंत दोन्ही डोळ्यांनी बघत राहतो.