शैलाताईंची दुसरी बाटली

वाइनची जुनी बाटली मी एकदा चक्क्याच्या फडक्यातून गाळली होती. लेकाच्या लग्नानंतर आमच्या विहीणबाई, शैलाताई, पहिल्यांदा पुण्याहून आमच्या गावी, चांद्याला, मटणाच्या जेवणाला आल्या, तेव्हाची गोष्ट. त्यांचे यजमान वाइनच्या कारखान्यात होते. मुलगी जन्मली त्या वर्षीच्या दोन बाटल्या त्यांनी तिच्या लग्नासाठी जपल्या, आणि लग्नाआधीच ते गेले... त्यातली एक घेऊन शैलाताई आल्या होत्या. पर्समध्ये त्या काहीतरी शोधत होत्या, तेवढ्यात मी वरच्या भाडेकरूंकडून बूच काढायचा स्क्रू आणला. "बूचच हाय की, खिळा थोडाच हाय?" म्हणत फिरवलासुद्धा. वय पंचावन्न, पण विहीणबाईंपुढं मिरवायची हौस पंधराची. बुचाचा भुगा झाला. उरलेलं मी लाटण्यानं आत ढकललं आणि फडकं आणलं. वाइनला श्रीखंडाचा वास. शैलाताईंनी पेला शांतपणे संपवला आणि म्हणाल्या, "एक उरलीय. ती तुम्हीच उघडायची. पण शिकून."

शैलाताईंना जाऊन आता महिना होत आला. त्या जेवणानंतर पुढं त्या आमच्याकडेच राहायला आल्या होत्या, आणि रविवारी दुपारी माझी शिकवणी चाले. नवं बूच घट्ट आणि चिवट, त्याला स्क्रू बरा; मध्यभागी घालायचा, सरळ ओढायचं. जुनं बूच आतून भुसभुशीत, त्याला स्क्रू लावला की ते पोटातून फाटतं. त्यासाठी त्यांच्याकडे दोन पातळ पात्यांचं हत्यार होतं. पाती बूच आणि काच यांच्या फटीत, एकदा इकडून एकदा तिकडून, हळूहळू सरकवायची. मग पिळत पिळत वर घ्यायचं. मी घाई केली की म्हणायच्या, "विहीणबाई, म्हैस नाही ओढायची." मी म्हणायचे, "म्हैस बरी, ती आपल्या पायानं येती." वरच्या खोल्यांतली आयटीवाली पोरं बाटली घेऊन माझ्याकडे यायला लागली, तेव्हा कुठं त्यांनी मला पास केलं.

दुसरी बाटली मात्र राहतच होती... नातीचं बारसं झालं, घराची वास्तुशांत झाली, दर वेळी "बघू" म्हणायच्या. दुखणं वाढलं, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी बाटली मागितली. पलंगाशी बसून मी पाती सरकवली. त्यांच्या यजमानांच्या हातची शेवटची वस्तू, आणि हात माझा. बूच अख्खं निघालं. त्यांनी ते नाकाशी धरलं, बराच वेळ. मग पेल्यातलं थेंबभर जिभेला लावलं.

"आंबलीय," त्या म्हणाल्या.

मला रडूच यायला लागलं. पेला उचलून मी मोरीकडं निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ओतू नका. यांनी ही ठेवली तेव्हा आपण दोघी एकमेकींना ओळखतही नव्हतो. बसा, तुमचा पेला आणा."