दीपमालाच्या गाडीले हिवाळा सोसत नाही

हसू नका, पण दीपमाला मले पहिल्यांदा औषध विकणारी वाटली. कापसाचे ते वर्षं असे होते का आमच्या महागावकडच्या गावात जीपमधून जो उतरे, तो बियाणं तरी विके, नाही तर सर्वे तरी करे. ही उतरली ते बरणीत करडा भुगा घेऊन. म्या दारातूनच म्हटलं, "बाई, आमच्या पऱ्हाटीले लय औषधं पाजून झाले. पुढच्या गावी जाय."

"काकू, हे औषध नोहे. लोखंड अन् टायटॅनियम हाय. हे हायड्रोजन पिते."

"पिऊन काय करते?"

"गाडी चालवते."

पिऊन गाडी चालवणारे आमच्या इथं का कमी होते?

उमरखेडच्या एसटी मेकॅनिकची पोरगी. हातात पाना आला का जेवणाची शुद्ध नाही. आमची कापसाची खोली रिकामीच होती, ते मागून घेतली अन् तिथं तिची तीनचाकी ठेवली. सीटखाली जाड नळकांडं, त्यात तो भुगा. फडक्यात पाणी मुरते तसा गॅस त्याच्यात मुरून बसे. तो निघाला का त्याची वीज बने, विजेवर चाकं फिरत. पण गॅस सोडाले भुग्याले गरमी लागे. सोडता सोडता तो आपोआप थंडा पडे.

मे महिन्यात तिच्या कामाले पैसे देणारे सर अट घेऊन आले. भरल्या गाडीनं महागाव गाठलं तर काम आणखी वर्षभर, नाही तर गाडी भंगारात अन् दीपमाला घरी.

"भेव नाही लागत वं?"

"लागते न काकू. तुमच्या वजनाचं."

अशी चोट्टी!

भेव मलेच वाटलं. एवढ्या उन्हात गॅस तापून फुटला तर? पाण्याच्या ड्रमले गुंडाळतात तसं म्या नळकांड्याले गुपचूप ओलं पोतं गुंडाळलं. मागं मी अन् सरकीनं भरलेले कट्टे, सर तिच्या बाजूले. अर्ध्या वाटेत गाडी दमली अन् सुखीबाईच्या चहाटपरीसमोर थांबलीच. सरांचं तोंड उतरलं. हिनं सीट उचलली, पोतं पाह्यलं अन् हसाले लागली.

"सर, गाडी बरोबर हाय. काकूनं तिले हिवाळा आणला."

पोतं काढलं, सुखीबाईच्या चुलीवरच्या गंजातलं गरम पाणी नळकांड्यावर ओतलं. मंग गाडी निघाली ते सरळ महागावच्या बाजारात. "चालू दे अजून वर्षभर," म्हणून सर एसटीत बसून गेले.

परतताना मी काय मान्य करून राह्यली! "पोत्यानं नाही थांबली. तुले चहा पायजे होता."

"बरं काकू. गुंडाळा परत. अजून ओलं करा."

म्या गुंडाळलं, चांगलं निथळतं. टपरी मागं गेली. "पाह्य, चालून राह्यली न?"

पुढं जिथं ना झाड, ना माणूस, तिथं गाडी गप झाली.

दीपमाला सीटवर मांडी घालून बसली.

"काकू, आता मले खरंच चहा पायजे. आणा."