एका हाताचं बकल

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास खेडहून दापोलीला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी साठीतले एक गृहस्थ बसले होते. त्यांचा डावा हात लुळा पडलेला होता. उजव्या हाताने ते पँट धरून ठेवणाऱ्या, खांद्यावरून आलेल्या गॅलिसचं पितळी बकल खालीवर सरकवत होते आणि दर खेपेला डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होते. न राहवून मी विचारलं, "बिघडलंय का?"

"नाय हो, मीच बनवलंय. बोटीवर फिटर होतो. बाजारातल्या बकलाला दोन हात लागतात. पायमोजा वर धरतो त्या पट्ट्याचं जमलं, याचे दात अजून धरत नायत. ओढा बघू."

मी ओढलं, तसा पट्टा सुटला. त्यांनी शांतपणे खिशातली पेन्सिल काढून दातांवर खूण केली आणि पट्टा पुन्हा बकलात सरकवला.

"घरी मदतीला कोणी नाही?"

"सून हाय. रोज पट्टा लावून देते, कधी तोंड वाकडं करत नाय. म्हणून तर घाई हाय."

त्यांचा थांबा आला. उभे राहताच बकल घसरलं. मी हात पुढे केला, त्यांनी मान हलवली. कंडक्टर घंटीची दोरी धरून थांबला. त्यांनी पट्टा ओढला, अंगठ्याने बकल दाबलं आणि मगच ते उतरले.

बस सुटली तरी मी खिडकीतून मागे वळून, बकल टिकतंय का, बघत होतो.