संध्याचा उघडा माइक

परवा माळा साफ करताना गिटारचं जुनं पेडल सापडलं. आतली बॅटरी गळून हिरवी झाली होती. त्या आंबूस वासासरशी कोल्हापुरातलं पंचवीस वर्षांपूर्वीचं कॉलेजचं गॅदरिंग आठवलं आणि डोकं तापलं.

आमचा बँड अकरा महिने टिकला. कार्यक्रम झाले चार. गिटारींच्या दाट गोंगाटात गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम बुडवायचा आणि मान खाली घालून, पायाने पेडल दाबून तो गोंगाट आणखी घुमवत वाजवायचं, असं आमचं संगीत होतं. गायची माझी धाकटी बहीण, संध्या. तिला त्या गोंगाटाच्या आडूनच गाता यायचं; एकटीचा गळा थरथरायचा. हे फक्त आम्हालाच ठाऊक होतं.

चौथ्या कार्यक्रमात, म्हणजे त्या गॅदरिंगला, दुसऱ्याच गाण्यात साउंडवाले बापू ओरडले, "ओ पावणं, गिटारीची वायर गेलीया! नुसती खरखर यायलीय. पोरीचा आवाज कुठं हाय?" आणि आमचं भलं करायला म्हणून त्यांनी दोन्ही गिटारी बंद करून तिचा माइक पूर्ण उघडला.

तो थरथरता आवाज एकटाच हॉलभर पसरला. मागून कुणीतरी म्हणालं, "शेळी सोडली की रं!" सगळे हसले. संध्याने माझ्याकडे पाहिलं. ते मला दिसलं.

त्यानंतर ती कधीच गायली नाही. कित्येक वर्षं मी बापूंना शिव्या घातल्या. पण त्यांचं टेबल माझ्यापासून सहा पावलांवर होतं. "हे असंच असतं," एवढं सांगायला दोन सेकंद लागले असते. गाणं आणखी तीन मिनिटं चाललं आणि मी ती बंद गिटार वाजवत माझ्या बुटांकडे बघत राहिलो.