एसी बंद केला की येणारा आवाज

नाशिकहून निघताना अण्णा गाडीच्या मागच्या सीटकडे वळले, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून पुढे आणून बसवलं. मागे बसले असते तर खानवेल येईपर्यंत तोंड उघडलं नसतं. पुढे बसूनही उघडलं नाहीच, पण निदान चेहरा तरी दिसत होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे धुळ्याकडचे. तरुणपणी कामाच्या शोधात सिल्वासाला गेले आणि राखोलीच्या एका सूत कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढली. तिथल्या यंत्रांच्या गोंगाटाने हळूहळू त्यांचे कान नेले. आम्ही कानातलं मशीन आणलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात जाऊन पडलं. आई गेल्यापासून तर अण्णा माझ्या नाशिकच्या घरात असून नसल्यासारखे झाले होते. मी बोलायचे, ते मान हलवायचे, आणि मान भलत्याच जागी हलली की मला कळायचं, ऐकू आलेलं नाही. ओरडून बोललं तर त्यांना वाटायचं मी चिडले आहे. खरं सांगायचं तर पुष्कळदा चिडलेलीच असायचे. आमच्यातलं बोलणं आटत चाललं होतं आणि एक दिवस ते पार आटून जाईल, याची मला मनापासून भीती वाटत होती. म्हणून जेव्हा ते आपणहून म्हणाले, "लाहनूकडे जाऊन येऊ वं एकदा," तेव्हा मी बँकेत रजा टाकली आणि गाडी काढली.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार. परतीचा पाऊस आदल्या संध्याकाळीच झोडपून गेला होता आणि आज ऑक्टोबरचं ऊन असं तापलं होतं की काचेला हात लावून बघावा. उतारांवरची नागली पिकायला आली होती. मी एसी लावून गुमान गाडी हाकत होते. खानवेलच्या अलीकडे अण्णांनी बोटाने डावीकडचा कच्चा रस्ता दाखवला.

रस्ता कसला, चिखलाची खीर होती ती. मी बेधडक गाडी घातली, कारण मी परत फिरते म्हणाले असते तर अण्णा पुन्हा काही मागायचे नाहीत. पहिल्या वळणावरच चाकं रुतली. भात कापणाऱ्या बायका विळे घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "बाय, उगा जोर नको लावू, चाक आनखी खाली जाल." त्यांनीच चाकांखाली पेंढा टाकला, मागून धक्का दिला आणि आम्ही बाहेर आलो. गाडीच्या तोंडापर्यंत लाल चिखल उडाला होता. माझ्याही.

लाहनूकाका म्हणजे अण्णांचे कारखान्यातले सोबती, इथल्याच पाड्यावरचे (वस्तीवरचे) वारली. तेही ठार बहिरे. मी मनात म्हटलं, झालं, आता दोन मुके बसणार एकमेकांचं तोंड बघत. पण काकांनी खाटेवरूनच हात वर केला, हवेत बोट गरागरा फिरवलं आणि भुवया उंचावल्या. अण्णांनी तळहात पालथा करून हवेत सपाट धरला. मग दोघेही खो खो हसले.

मला एकदम सगळं आठवलं. सूतयंत्रांच्या गोंगाटात ओरडूनही काही ऐकू जात नसे, म्हणून त्या कारखान्यात सगळे खुणांनी बोलत. बोट फिरवलं की "मशीन चालू ना?" तळहात पालथा केला की "झकास चालू आहे." कानाची पाळी चिमटीत धरली की "आवाज येतोय." अण्णा ड्यूटी संपवून घरी यायचे तेव्हा त्यांचे कान इतके सुन्न असायचे की आईसुद्धा भाकरी हवी का, हे बोटांनीच विचारायची. सिल्वासात आमलीतल्या आमच्या खोलीत मी बोलायच्या आधी खुणा शिकले असेन.

दोघे म्हातारे तासभर असे हातवारे करत राहिले. काकूंनी नागलीची भाकरी आणि बोंबलाची चटणी वाढली. जेवताना काकूंना मी विचारलं, "हे सारखं सारखं मशीन चालू ना, मशीन चालू ना, असं काय विचारताहेत? मशीन तर कधीच सुटलं."

काकूंनी हाताने खुणावून माझा प्रश्न काकांपर्यंत पोचवला. काका मोठ्याने बोलले, बहिरी माणसं बोलतात तसे. "मशीन त तवाही बराबरच चाले. पन इचारायचा. समोर मानूस हाय, जागता हाय, ता कळाय पायजं."

निघताना काका गाडीपर्यंत आले. अण्णांचे डोळे भरले होते. मी रस्त्याकडे बघत राहिले.

डांबरी रस्त्याला लागलो आणि बॉनेटमधून आवाज सुरू झाला. घर्रर्र, मग थांबून पुन्हा घर्रर्र. वाटलं, एसीवर ताण आला असेल, म्हणून मी एसी बंद केला, तर आवाज दुप्पट झाला. पुन्हा लावला, तर जवळजवळ गेला. उलटंच सगळं. अण्णांना काहीच ऐकू येत नव्हतं. असली गाडी घेऊन घाट चढायची माझी छाती होईना, म्हणून नाशिकचा रस्ता सोडून मी सिल्वासाकडे वळले. राखोलीत दमणगंगेच्या पुलावर गाडी सावकाश घेतली. अण्णा कारखान्याच्या दिशेने मान वळवून बघत राहिले.

आमलीत आमच्या खोल्यांच्या जागी आता बहुमजली इमारत आहे, पण मागच्या गल्लीत एसीचं काम करणारं गॅरेज सापडलं. मालक दिनूभाई नवापूरचा, गॅरेज टाकण्याआधी बरीच वर्षं सूत कारखान्यात राबलेला. आवाज ऐकून म्हणाला, "बेन, कंप्रेसर गयो (गेला) असं वाटेल, पण घाई नाय करायची. एसी चालू करा. आता बंद करा." दोनचारदा करून बघितल्यावर त्याने मला बॉनेटजवळ बोलावलं. कंप्रेसरच्या पुढे पट्ट्यावर फिरणारी पुली असते आणि तिच्यासमोर एक चकती. एसी लावला की दोघी चिकटून एकत्र फिरतात. बंद केला की चकती थांबते आणि पुली एकटी फिरत राहते.

"चालू असताना आवाज नाय, म्हणजे पोटात काय बिघाड नाय," दिनूभाई म्हणाला. "रोग तोंडात छे (आहे). एक तर त्या दोघींच्या मधे चिखल बसला, नायतर पुलीचं बेअरिंग चाललं. बेअरिंग असेल तर घाटात जाऊ नका. पुली जाम झाली की पट्टा तुटला समजा."

अण्णा आमच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी फळीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, त्याचं टोक कंप्रेसरच्या अंगाला टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली. डोळे मिटले. टोक सावकाश पुढे सरकवत पुलीच्या मागच्या कडेशी नेलं. लहानपणी कारखान्याच्या जाळीतून मी त्यांना असंच उभं पाहिलं होतं. कानांनी दगा दिला होता, पण दात अजून कामाला येत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"बेअरिंग नाही," ते म्हणाले. "बेअरिंग एकसारखं रडतं. हे थांबून थांबून खरवडू राहिलं. मधे खडा अडकला आहे."

एवढं लांब बोलणं मी कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दिनूभाईने इंजिन बंद करून लगेच हवेचा पाइप ओढला. सूत कारखान्यातल्या माणसाचं प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. यंत्रावर तंतू बसले, हवा मारा. कपड्यांवर बसले, हवा मारा. अण्णा घरी यायचे तेही सगळे केस उभे करून. पण आज अण्णांनीच त्याचं मनगट धरलं. "हवा नको रे! तंतू नाही, रेती आहे ही. थेट बेअरिंगमध्ये जाईल."

दिनूभाई कपाळाला हात लावून हसला. "काका, सवय पडी गई! (सवय लागली!) तुम्ही पण दिवसभर तेच करत असाल ना कारखान्यात?"

मग पाण्याची हलकी धार, जुना टूथब्रश आणि धीर. दिनूभाई पुली हाताने फिरवायचा, अण्णा ब्रश धरायचे. लाल गाळ गळत राहिला आणि शेवटी तुरीच्या दाण्याएवढा खडा खाली पडला. पुढच्या जाळीवरचा चिखलही त्यांनी धुऊन टाकला. इंजिन सुरू केलं तर आवाज गेला होता. फक्त एसी बंद असताना एक बारीक खरखर उरली होती.

"एखादा कण राहिला असेल," अण्णा म्हणाले. "फिरता फिरता पडून जाईल. पण आवाज वाढला तर तिथेच थांबायचं. एसी बंद ठेव, काचा उघड. मला काही ऐकू यायचं नाही. तू ऐक."

परतीच्या रस्त्यावर त्यांनी एक हात डॅशबोर्डवर टेकवला. खानवेल मागे पडलं आणि ते म्हणाले, "येऊ राहिला का?" मी "हो" ओरडायला तोंड उघडलं आणि थांबले. कानाची पाळी चिमटीत धरली. अण्णा वळून माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हवेत बोट फिरवलं.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. दर थोड्या वेळाने त्यांचं बोट फिरायचं, मी पाळी धरायचे, आणि त्यावरून त्यांना काही ना काही आठवायचं. आईने खुणा शिकताना केलेल्या गमती, आमलीतली पाण्याची रांग, मी तापाने फणफणले असताना लाहनूकाकांनी चिखलातून मला पाठीवर नेलं होतं ती सकाळ. उघड्या काचांतून गरम वारा येत होता आणि अण्णा बोलत होते.

जव्हारच्या अलीकडेच खरखर थांबली. मी नीट कान दिला. नव्हतीच. अण्णांचं बोट फिरलं आणि मी पाळी धरली. आवाज गेला म्हटलं असतं, तर ते गप्प झाले असते. मोखाड्याला पाळी, त्र्यंबकला पाळी. इतकं खोटं मी बँकेतसुद्धा बोलत नाही.

दिवेलागणीला नाशिकच्या घरासमोर गाडी उभी केली. अण्णांनी डॅशबोर्डवरचा हात उचलला, बोटं मोकळी केली आणि दार उघडता उघडता म्हणाले, "जव्हारच्या आधीच थांबला तो."

मी चकित झाले. "तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी डॅशबोर्डवर टेकवलेला तळहात दाखवला. मग मी चेहरा त्यांच्यासमोर आणून सावकाश विचारलं, "कळलं होतं, तर मग विचारत का होतात?"

अण्णांनी हवेत बोट गरागरा फिरवलं आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघत राहिले.

मी तळहात पालथा केला.