माडीवर लावलेली पाटी

त्या वर्षांत आमच्या गल्लीला मजले चढवायचा ताप आला होता. बँका हसतमुखानं कर्ज द्यायला लागल्या होत्या आणि ज्याला त्याला वाटत होतं, आपण खाली पंख्याखाली बसावं आणि वरून भाडं गळत राहावं. आमचे अप्पाही त्यातलेच. निवृत्त झाल्यावर फंडाची सगळी रक्कम त्यांनी सिमेंटात घातली आणि माडीवर दोन खोल्या चढवल्या. भाड्यातून माझ्या तिरुचीच्या हॉस्टेलचा खर्च भागायचा होता. कॉलेजात प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलनं जागा राखून ठेवली होती, फक्त पैसे भरायचे होते.

अप्पांनी पाटी रंगवली, तीही देवनागरीत. ‘घर भाड्याने देणे आहे’. तंजावुरात! जिथे घरात मराठी बोलणाऱ्या आमच्याच नात्यागोत्यातल्या निम्म्या लोकांना ती अक्षरं म्हणजे देवळातली रांगोळी. मला स्वतःला वाचता येत नव्हती; मी ती शिकले पुढे, नोकरीनिमित्त उत्तरेला गेल्यावर.

“तमिळात लिवा की, अप्पा,” मी म्हटलं.

“काहाला? अपल्या मनुष्यांलाच घर द्याचं,” ते म्हणाले. “वाचाला येतं, तो अपला.”

रस्त्यानं जाणारे ती पाटी हिंदी समजून नाक मुरडत. अप्पांचे चुलतभाऊ तिरुवैयारुहून जेवायला आले, तेही पाटीखाली उभं राहून, “देवाचं नाव काय रे हे?” असं विचारते झाले. अप्पांनी त्यांना रसम जरा जास्तच वाढलं, पण पाटी हलली नाही.

मग दलाल आला. पाटी वाचून नव्हे, माडीच्या रिकाम्या खिडक्या बघून. त्यानं मेडिकल कॉलेजातली एक नर्स आणि तिचा नवरा आणले. नीटनेटकी, शाकाहारी माणसं, आगाऊ रक्कम हातात घेऊन आलेली. अप्पांनी त्यांना पाटीकडे बोट दाखवून विचारलं, वाचता येते का? तो बिचारा हसला. त्याला थट्टा वाटली. त्यांना कॉफी मिळाली, घर नाही. पापनाशमचे एक लेक्चरर आले, त्यांचंही तेच. आई स्वयंपाकघरातून भांडी आपटत राहिली. तंजावुरच्या मराठा राजाचं राज्य जाऊन दीडशे वर्षं झाली, पण आमच्या घरात दरबार चालू होता, आणि त्यात मुजऱ्याला कुणी येत नव्हतं.

हॉस्टेलकडून पैशांसाठी एक स्मरणपत्र आलं, मग दुसरं. अप्पा म्हणत, “येतील, येतील.”

आणि खरंच आले. पुण्याहून बदली होऊन आलेले एक साहेब, सोबत बायको. दलालच घेऊन आला, पण साहेबांनी पाटी रस्त्यावरूनच मोठ्यानं वाचली. अप्पा अनवाणी धावले. धोतर सावरत जिना चढताना ते आमच्या तंजावुरी मराठीत इतकं बोलत होते, की मला लाज वाटत होती. पूर्वज, किल्ला, वाडे, कुलदैवत, सगळं काढलं. साहेब गालात हसत होते. बाईंनी खोल्या धड पाहिल्याही नाहीत. पदर तोंडाला लावून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

खाली उतरल्यावर साहेब दलालाला फाटकाशीच इंग्रजीत म्हणाले, “घर ठीक आहे हो. पण बायको नवीन आहे गावात, तिला बोलायला सोबत हवी. एखादं मराठी माणसाचं घर बघा ना.”

दलाल गोंधळला. एकदा साहेबांकडे, एकदा पाटीकडे बघत राहिला. अप्पा तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

मला साहेबांचा राग आला, अप्पांचा त्याहून जास्त. नर्सनं एव्हाना दुसरीकडे घर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी पाटी उतरवली, उलटी केली आणि ब्रश माझ्या हातात दिला. “तमिळात लिव,” म्हणाले.

मी मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं. मग ब्रश धुता धुता त्यांना सांगितलं, की हॉस्टेलची जागा कालच दुसऱ्या मुलीला गेली.